मळ्यावरून आलेली ओटी

घरात नवी वस्तू दिसली की माणूस आधी त्या वस्तूकडे बघतो. आमच्या शेजारचे जज्जसाहेब आधी दाराकडे बघायचे. दार लावलेलं आहे ना, बाहेर कोणी उभं नाही ना, एवढं पाहून झालं की बायकोला हळूच विचारायचे, "हे कोणाचं?" मग ती वस्तू म्हणजे केळ्यांची फणी असो, नाहीतर काकूंनी स्वतः बाजारातून आणलेली केरसुणी असो. काकू म्हणायच्या, "अहो, आपलीच आहे." तरी त्यांचा जीव भांड्यात पडायला जरा वेळच लागायचा.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, दुष्काळाच्या त्या वर्षांत, आम्ही त्यांचे शेजारी होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथली काही माणसं अजून आहेत आणि खरं बोलायचं तर मला अजूनही थोडी धास्ती वाटते. माझं नुकतंच लग्न झालं होतं. आमचे हे दुसऱ्या कोर्टाचे न्यायाधीश, अगदी नवेकोरे. ते पहिल्या कोर्टाचे, कोर्टाकोर्टांतून केस पिकवून आलेले. एकाच घराचे दोन भाग करून आम्हा दोन कुटुंबांना भाड्यानं दिलेले होते आणि मध्ये एकच भिंत होती. इकडे कोणी खोकलं की तिकडे काकू काढ्याला आलं ठेचायला घ्यायच्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फाटकात उभे राहून टांगेवाल्याशी भांडत होते. मला वाटलं, म्हातारा चिक्कू दिसतोय. जवळ गेल्यावर कळलं की भांडण उलटंच आहे. टांगेवाला म्हणत होता, "राहू द्या साहेब, तुमच्याकडून काय घ्यायचं?" आणि हे लालबुंद होऊन म्हणत होते, "का? माझ्याकडून का नाही घ्यायचं? मी काय फुकट बसलो होतो?" शेवटी टांगेवाल्यानं पैसे घेतले, पण तोंड असं केलं की जणू त्याचाच अपमान झाला.

भाजीवाली कोथिंबिरीवर चार कढीपत्त्याच्या काड्या वर टाकते, ती सगळ्यांनाच टाकते. साहेब त्या काढून परत तिच्या पाटीत ठेवायचे. दाढी घरीच करायचे. न्हाव्याकडे का जात नाही म्हणून मी एकदा काकूंना विचारलं, तर काकू हसून म्हणाल्या, "तिथं गप्पा फुकट मिळतात ना!" कोर्टात जाताना ऊन असो, ढग असो, नाहीतर काहीच नसो, डोक्यावर छत्री उघडीच. तीही अशी तिरकी धरलेली की समोरच्याला फक्त त्यांचं धोतर आणि बूट दिसावेत. नमस्कार घेतला की ओळख होते, ओळख झाली की माणूस घरी येतो, आणि घरी येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, अशी त्यांची सरळ मांडणी होती.

नात्यानं हाक मारलेली त्यांना चालत नसे. आमच्या मुलखात अनोळखी माणसालासुद्धा मामा, काका, दाजी असं काहीतरी म्हटल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. त्यांना कोणी "मामा" म्हटलं की ते जागच्या जागी थांबून सांगायचे, "मी तुमचा मामा नाही. कोणाचाच नाही." मलाही त्यांनी कधी सूनबाई म्हटलं नाही. "अहो बाई" म्हणायचे. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणते, हे ते नाइलाजानं सहन करत होते.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गव्हाची खीर पाठवली होती. शेजारधर्म म्हणून. वाटी संध्याकाळी परत आली ती घासूनपुसून, पण रिकामी. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, चिमूटभर साखर तरी घालून देतात, हे मला माझ्या आईनं मी फ्रॉकमध्ये असल्यापासून शिकवलेलं. मी चुलीपुढे बसून रडले. तर थोड्या वेळानं साहेब स्वतः दारात आले, आत न येता. म्हणाले, "अहो बाई, खीर उत्तम होती असं हिचं म्हणणं आहे. मी खाल्ली नाही. तुमचे यजमान आणि मी एकाच गावात न्याय करतो. एकमेकांच्या वाटीत काही असू नये." एवढं बोलून वळले. आमचे हे आत बसून तोंडावर फडकं धरून हसत होते. मला हसू आलं नाही.

पुढे काकूंनी आणि मी मागच्या न्हाणीघराच्या भिंतीवरून चोरून देवघेव सुरू केली. लोणच्याची फोड, मेतकूट, कधी थालीपीठ. काकू पदराखाली वाटी लपवून यायच्या आणि सगळा वेळ डोळे दाराकडे. त्या घरात चोऱ्या व्हायच्या त्या अशा.

लोक त्यांना फार करारी म्हणायचे. बाररूममध्ये म्हणे त्यांच्या ताठपणाच्या गोष्टी सांगायचे. मी भिंतीपलीकडून रोज ऐकत होते, म्हणून मला ठाऊक होतं की हा माणूस करारी वगैरे काही नाही, हा माणूस घाबरलेला आहे. पालीला घाबरायचे. कुत्र्याला घाबरायचे. दाराला कडी घालायचे, थोड्या वेळानं उठून कडी बघायचे, परत येऊन काकूंना विचारायचे, "मी कडी घातली का?" पोस्टमन आला की त्यांचा चेहरा उतरायचा. धैर्यवान माणूस सचोटीनं राहिला तर त्यात मोठं काय, त्याला जमतं. हा भित्रा माणूस रोज भीत भीत सचोटीनं राहत होता.

ही भीती कुठून आली ते त्यांनी एकदाच सांगितलं. उन्हाळ्यात दोन्ही घरं ओट्यावर बसायची. नगरकडून कोणीतरी आमच्या ह्यांना एक पेन भेट पाठवलं होतं, कॉलेजातला जुना मित्र, आता वकील झालेला. ह्यांनी सहज विचारलं, "साहेब, मित्राचं चालतं ना? नियमात नातेवाईक आणि जवळचे स्नेही सोडलेत."

साहेब म्हणाले, "ज्याचं आपल्यापुढे काही काम नाही असे स्नेही सोडलेत. तो वकील आहे. उद्या उभा राहील तुमच्यासमोर."

"एका पेनानं माझा निकाल फिरेल असं वाटतं तुम्हाला?" ह्यांनी जरा घुश्शातच विचारलं.

साहेब म्हणाले, "फिरतो. पण तुम्हाला वाटतं त्या बाजूला नव्हे." आणि त्यांनी सीताफळांची गोष्ट सांगितली. ते मराठवाड्याच्या कडेला, पहिल्याच नेमणुकीवर होते. एका दाव्यातला म्हातारा वादी घरी सीताफळांची करंडी ठेवून गेला. मुलं लहान होती, साहेब घरी यायच्या आत त्यांनी खाऊन टाकली. दावा जमिनीचा होता. निकाल लिहायला बसले की त्यांना त्या बिया दिसायच्या. म्हाताऱ्याच्या बाजूनं लिहावं तर लोक म्हणतील सीताफळं फळली. त्यांनी म्हाताऱ्याच्या विरुद्ध निकाल दिला. "माझं सगळं लिखाण बरोबर होतं. कागद कायद्याला धरून होता. पण तो निकाल मी दिला की करंडीच्या भीतीनं दिला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. म्हातारा अपिलात गेला नाही. ऐपत नव्हती त्याची." आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवशी पेन परत पाठवलं.

त्या वर्षीही पाऊस कोरडाच गेला होता. विहिरींना तळ दिसत होते. गावाबाहेर खडी फोडायच्या कामावर आयाबाया सकाळीच रांगेनं जायच्या. पाणी होतं ते फक्त कॅनॉलला आणि तेही पाळीनं. ज्याची पाळी त्यानं घ्यायचं, आणि ती पाळी सांभाळायला सरकारचा पाटकरी असायचा. गावाच्या खालच्या अंगाला एका बड्या बागायतदाराचा मळा होता. ऊस, जीप, पुढाऱ्यांची ऊठबस, सगळं होतं. त्याच्या थोरल्या मुलानं पाळी नसताना चारीचं, म्हणजे कॅनॉलमधून शेतात पाणी नेणाऱ्या पाटाचं, कुलूप फोडलं. पाटकरी आडवा आला, तर त्याच्या पायावर फावड्याचा दांडा घातला. पाय वाकडा झाला तो कायमचाच. मारताना पाहणारे बरेच होते, पण बोलणारे थोडे. तो खटला साहेबांच्या कोर्टात लागला. पाटकऱ्याची साक्ष पंधरवड्यावर आली होती.

आणि नेमकी त्याच सुमारास साहेबांची लेक बाळंतपणाला आली. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हापासून ती फारशी हसत नसे. काकू तिला जमिनीवर पाऊल ठेवू देत नव्हत्या. दवाखाना म्हणून साहेबांनी मिशनचा निवडला होता, कारण गावातले डॉक्टर फी घ्यायला तयार नव्हते. मलाही तेव्हा पाचवा लागला होता. आम्ही दोघी दुपारी काकूंच्या माजघरात बसायचो आणि आपापली भीती एकमेकींना न सांगता तांदूळ निवडायचो.

अशाच एका दुपारी दारात दोन बायका आल्या. पुढची साठीकडे झुकलेली, ठसठशीत कुंकू, नऊवारी इरकल, बोलणं इतकं मऊ की ऐकत राहावं. "देवीला आलो व्हतो. उनाचं घसा कोरडा पडला. घोटभर पानी मिळंल का, माय?" काकूंनी पाणी दिलं, गूळ दिला. बाईंचं लक्ष लेकीकडे गेलं. "कितवा गं बाय?" म्हणाल्या. आणि ती उत्तर देते न देते तोच मागच्या बाईच्या पिशवीतून खण, नारळ, तांदूळ, हळकुंड निघालं. "देवीच्या ओटीतलं उरलंय. भरल्या पोटाची लेक दिसली, आन् तशीच जाऊ व्हय?" लेकीनं पदर पसरला. पसरणार नाही तर काय करील? सुवासिनीनं भरलेली ओटी गर्भार पोरीनं नाकारायची असते का? काकूंनी हात जोडले. नाव विचारलं तर म्हणाल्या, "मळ्यातली हाय मी. नावाचं काय!" कोर्टाचं, खटल्याचं एक अक्षर बोलल्या नाहीत. आल्या तशा गेल्या.

संध्याकाळी साहेब आले, त्यांच्यामागून शिपाई कोर्टाचे कागद घेऊन. देवापुढच्या ताटात नारळ दिसला. साहेबांनी दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोणाचं?" काकूंनी सांगितलं. शिपाई कागद ठेवता ठेवता थबकला. म्हणाला, "साहेब, कोपऱ्यावर मळ्याची जीप उभी हुती दुपारी. त्या मालकीनबाई असत्याल. त्या चारीच्या केसमधल्या आरोपीच्या आई." साहेब खाली बसले, ते खुर्चीवर नाही, उंबऱ्यावर.

त्या ओटीत काही नव्हतं. तेच तर वाईट होतं. एखादी सोन्याची पुतळी निघाली असती तर रागावता आलं असतं, पोलिसांत जाता आलं असतं. निघाले ते साधे तांदूळ. साहेब एवढंच म्हणत होते, "परत करा. आत्ता परत करा." आणि काकू, ज्यांनी त्या माणसापुढे जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, त्या ताटाच्या आड उभ्या राहिल्या. "पोरीची ओटी परत करायची? पहिलं एक गेलंय तिचं. मी नाही हात लावू देणार. तुमचा कायदा तुमच्यापाशी." लेक आतल्या खोलीत तोंडावर पदर घेऊन बसली होती. मी माझ्याच पोटावर हात ठेवून उभी होते. मला खरंच कळत नव्हतं की या दोघांत जास्त कोण घाबरलंय.

रात्रभर भिंतीपलीकडे कोणी झोपलं नसावं. सकाळी तोड निघाली ती काकूंच्याच डोक्यातून. ओटी परत करायची नाही, पण ती बाई सवाष्ण आहे ना? मग आपण तिची ओटी भरायची. खण तोच, नारळ तोच, तांदूळ तेच. आपल्या पोरीला दोष नाही, तिचाही मान राहतो, आणि घरात काही उरत नाही. साहेबांना ते पटलं. आलं ते गेलं, यात त्यांना कायदा दिसला. पुरुषानं जायचा प्रश्नच नव्हता. लेक बाहेर पडू शकत नव्हती आणि काकू तिला सोडून हलणार नव्हत्या. उरले मी. आमचे हे कामासाठी नगरला गेलेले होते, नाहीतर त्यांनी मला उंबरठा ओलांडू दिला नसता.

टांगा कॅनॉलच्या कडेकडेनं चालला होता. एका बाजूला धुरळा आणि दुसऱ्या बाजूला हिरवागार ऊस, आणि त्या दुष्काळात तो हिरवा रंगच मला अंगावर आल्यासारखा वाटत होता. मळ्यात शिरले तर ओसरीवर तो मुलगा बसलेला. पांढरेशुभ्र कपडे, मनगटावर घड्याळ, अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. मला पाहून उठला, अदबीनं म्हणाला, "या, या वहिनी. आई वाटच बघतीया." मी येणार हे त्यांना कोणी सांगितलं होतं?

आत मालकीणबाईंनी पाट मांडायला लावला. मी म्हटलं, मला घाई आहे. त्या म्हणाल्या, "वटीला घाई करत्यात व्हय?" आणि त्यांनी घरातल्या, वाड्यातल्या, कामावरच्या सगळ्या बायका हाका मारून गोळा केल्या. मी तांदूळ त्यांच्या पदरात घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. त्यांनी तो पदर सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि म्हणाल्या, "बघा गं बायांनो! जज्जसायबाच्या घरनं माझी वटी आली. आता आपलं त्यांचं घर एक झालं."

आपण काहीतरी भलतंच करून बसलो, एवढं कळलं, पण ते कसं परतवायचं ते कळेना. इतक्यात त्यांचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं. "तुला बी दिवस हायत की! थांब, तुझी भरते." मी उठले. पायांत चप्पल नीट घातली की नाही तेही आठवत नाही. ओसरीवरून उतरताना तो मुलगा मागून म्हणाला, "सायबांना नमस्कार सांगा वहिनी. आन् जपून जा. कॅनॉलच्या कडंला टांगं पलटी व्हत्यात." तो हसत होता. घरी पोचेपर्यंत मी टांग्याच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून होते.

बाजाराच्या दिवसापर्यंत गावभर झालं. पिठाच्या गिरणीवर, स्टँडवर, खडीच्या कामावर. जज्जसाहेबांच्या घरून मळ्यावर ओटी गेली. साहेबांची लेक म्हणे मळ्याची मानसकन्या. जितकी तोंडं तितकी नाती. ज्या माणसानं जन्मभर कोणाला मामा म्हणू दिलं नाही, त्याला गावानं एका आठवड्यात सोयरा करून टाकलं. आमचे हे नगरहून आले, सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावून बसले. बाहेर जीपचा आवाज आला की मी आतल्या खोलीत जायची. भिंतीपलीकडे आता कडी तपासण्याचा आवाजही येत नव्हता. साहेब बसूनच राहायचे, असं काकू म्हणाल्या.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. "अहो बाई, उद्या तुम्ही कोर्टात या. मी काही सांगणार आहे. त्यात एक शब्द खोटा निघाला तर तुम्ही उभं राहून तसं म्हणायचं." मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "जा." नंतर ह्यांनी मला समजावलं की असं झाल्यावर साहेब ते प्रकरण बहुतेक सोडतील. ह्यांच्या कोर्टात ते येऊ शकत नव्हतं, कारण ओटी घेऊन मीच गेले होते. म्हणजे खटला नगरला जाणार. वाकड्या पायाचा तो पाटकरी आणि त्याचे बिचकलेले साक्षीदार दर तारखेला एस्टीनं नगर गाठणार. "किती तारखांना येतील?" असं विचारून ह्यांनीच मान हलवली.

कोर्ट भरलेलं होतं. पुढच्या बाकावर मळ्याची माणसं बसलेली, त्यांचा नगरहून मुद्दाम आणलेला वकील, आणि तो मुलगा तसाच पांढराशुभ्र. साक्षीच्या पिंजऱ्यात पाटकरी काठीवर भार टाकून उभा होता. कळकट सदरा, पण दाढी केलेली. साहेब येऊन बसले. छत्रीशिवाय त्यांचा चेहरा इतक्या माणसांसमोर मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांनी सगळं सांगितलं. मोठ्यानं, सावकाश. आरोपीच्या आई कधी आल्या, लेकीच्या पदरात काय काय घातलं, आपल्या घरात कसं भांडण झालं, ते सगळं परत कसं पाठवलं, कोणी नेलं. भर कोर्टात न्यायाधीश खण आणि हळकुंड म्हणतोय, हे ऐकून मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मी मान खाली घालून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून म्हटलं, "बरोबर आहे." आवाज फुटला की नाही देव जाणे.

त्यांचं संपतंय तोच मळ्याचा वकील उठला. अर्ज त्याच्या हातात तयारच होता. कोर्टाबद्दल नितांत आदर आहे वगैरे म्हणून झालं. मग म्हणाला, अशा परिस्थितीत माझ्या अशिलाला इथे न्याय मिळेल अशी खात्री नाही, सबब प्रकरण दुसरीकडे वर्ग व्हावं. आणि पुढच्या बाकावर मळ्याची माणसं निवांत मागे टेकून बसली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती ओटी घ्यावी म्हणून आलीच नव्हती. या म्हाताऱ्याला विकत घेता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो किती घाबरतो आणि ओटी घरात ठेवणार नाही, हेही ठाऊक होतं. त्यांना तो फक्त पळायला हवा होता.

साहेबांनी अर्ज घेतला. ते पाटकऱ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं आहे?"

पाटकरी म्हणाला, "सायब, तुमीच चालवा. मला नगरला न्हाई जमायचं."

"तुम्हाला कळलं ना, मी काय सांगितलं ते?"

"व्हय. कळलं."

साहेबांनी चष्मा काढला. खालच्या आवाजात बोलले, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "मला भीती वाटते. मी यांना सोडलं तर लोक म्हणतील ओटी पावली. आणि ते म्हणू नयेत म्हणून मी यांना दोष नसताना शिक्षा देईन, याची मला जास्त भीती वाटते. माझ्या हातून असं एकदा झालेलं असावं. घाबरलेल्या माणसानं न्याय करू नये."

पाटकऱ्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला बी भ्या वाटतंय, सायब. लई वाटतंय. माझी चौकी त्यांच्या मळ्याला लागून हाय. लेकरं त्यांच्याच दारावरनं साळंत जात्यात. काल सांच्याला मानूस येऊन गेला, उद्या कोर्टात जाऊ नगं म्हनून." त्यानं पुढच्या बाकाकडे एकदा पाहिलं. "तरी आलोच का न्हाई मी?"

पुढे काय काय झालं ते सांगायला हवं, म्हणून सांगते. मळ्याची माणसं वर नगरला गेली, तिथं त्यांचं काही चाललं नाही. मुलाला शिक्षा झाली, अपिलात ती थोडी उतरली, पण राहिली. साहेबांची बदली कोकणात झाली. त्यांच्या लेकीला मुलगी झाली आणि ती जगली. मला मुलगा झाला. त्या निकालात आपली भीती किती आणि न्याय किती, हे साहेबांना अखेरपर्यंत कळलं नाही. काकूंच्या पत्रांत ते असायचं.

पण मला आठवतो तो त्या दुपारचा त्यांचा चेहरा. पाटकरी बोलून गप्प झाला होता आणि साहेब त्याच्याकडे बघत होते. छत्री नाही, दाराकडे नजर नाही, नुसतं त्या माणसाच्या तोंडाकडे. मग त्यांनी चष्मा चढवला. वकिलाला म्हणाले, "हरकतीचं कारण तुमच्याच अशिलाच्या घरातून आलेलं आहे. ते तुम्हाला वापरता येणार नाही. अर्ज नामंजूर. वर जायचं तर जा." वकील काही बोलू लागला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. भीती गेली नव्हती, आवाज चिरकत होता, आणि त्याच चिरक्या आवाजात ते शिपायाला म्हणाले, "साक्षीदाराला बसायला स्टूल द्या, आणि शपथ द्या."